तेरा पॉइंट सहा

नळीवरचं अक्षर तिचंच होतं.

करंगळीच्या पेराएवढी प्लास्टिकची नळी, आणि तिच्यावर काळ्या शाईत लिहिलेलं ‘कराड २१७’. पंचवीस वर्षं उणे ऐंशी अंशांच्या थंडीत पडून राहिल्यावरही शाई फिकी झालेली नव्हती. शैलजा शिंगटेने चष्मा वर केला, खाली केला आणि हात पुढे नेला.

“हात नका लावू मॅडम, चटका बसेल,” डॉ. रेश्मा मुल्ला हसून म्हणाली. “थंडीचाही बसतो.”

पुण्याच्या या संशोधन संस्थेने शैलजाला सत्कारासाठी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी कराडहून एकटी आली म्हणून सगळ्यांना कौतुक वाटत होतं, आणि तिला स्वतःला वाटत होतं ते निराळंच. पंचवीस वर्षांपूर्वी या संस्थेने पन्नाशीपुढच्या पुरुषांचा एक अभ्यास काढला होता. गावोगावच्या लहान लॅबना नळ्या वाटल्या होत्या. बहुतेकांच्या नळ्या वाया गेल्या. कुणी रक्त दिवसभर टेबलावर ठेवलं होतं, कुणी नंबर चुकवले होते. कराडच्या चारशे बारा नळ्या मात्र जशाच्या तशा होत्या.

“अर्ध्या तासाच्या आत तुम्ही सीरम वेगळं करत होतात,” रेश्मा म्हणाली. “आमचं यंत्र तुमच्या नळ्यांवर शिकलंय. म्हटलं, ज्या बाईचं अक्षर रोज बघतो, ती बाई तरी बघावी.”

शैलजाला आपली लॅब आठवली. शनिवार पेठेत, एका दवाखान्याच्या जिन्याखाली, दहा बाय बाराची खोली. रक्त गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज सुरू झालं की टेबलावरचे कप थरथरायचे. स्पिरिटच्या वासात सकाळी सातपासून उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर दाटीवाटीने बसलेली असायची आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न असायचा, “बाई, चहा कधी घेऊ?” साडेआठच्या सुमाराला तिचा नवरा यायचा. भालचंद्र शिंगटे, शाळेत व्यायामाचे शिक्षक. सारं गाव त्यांना सर म्हणायचं, मग तीही चारचौघांत सरच म्हणायची. उन्हाळ्यात ते कृष्णेवरून थेट लॅबमध्ये यायचे. ओले केस, खांद्यावर पंचा, अंगाला नदीचा वास. पोह्यांचा डबा तिच्यापुढे ठेवून विचारायचे, “काय बाईसाहेब, आज कुणाकुणाचं रक्त प्यायलात?”

बाकावरची उपाशी माणसंसुद्धा हसायची.

रेश्मा आता यंत्र दाखवत होती. मोठ्या फ्रिजएवढी पांढरी पेटी. तिच्यावर कुणीतरी हाताने कागद चिकटवला होता : ‘नीरक्षीर’.

“हे आमचं घरातलं नाव,” रेश्मा म्हणाली. “तुम्हाला पीएसए वेगळं सांगायला नको.”

नकोच होतं. शैलजाने आयुष्यात हजारो वेळा ती चाचणी केली होती. पीएसए म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन. त्याचं काम ग्रंथीतच असतं, रक्तात त्याला काही काम नाही. ग्रंथीच्या भिंती धड असतात तोवर रक्तात ते अगदी थोडं पाझरतं. भिंतींना कुठे खिंडार पडलं, की जास्त येतं. ते खिंडार कॅन्सरची गाठ पाडते, तसंच साध्या दाहानेही पडतं. जंतू शिरले, ग्रंथी सुजली, की पीएसए भराभर चढतो. दाहाची खूण रक्तात निराळी दिसते. शरीरात कुठेही आग लागली की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन सोडतं. पण ती नुसती धोक्याची घंटा. आग कुठे लागलीय ते ती सांगत नाही. आणि पीएसए सांगतो की भिंत कुठे फुटलीय, पण कुणी फोडली ते सांगत नाही.

“म्हणजे दोघेही साक्षीदार अर्धेच,” रेश्मा म्हणाली. “हे यंत्र पीएसएचा एकेक रेणू बघतं. प्रत्येक रेणूला साखरेची एक बारीक साखळी असते. कॅन्सरच्या पेशी ती साखळी वेगळ्या धाटणीने विणतात. आणि दाहामुळे आलेला रेणू असेल, तर त्याला पांढऱ्या पेशींनी कुरतडलेलं असतं, त्याच्या खुणा राहतात. यंत्र ते मोजतं, सीआरपी आणि बाकीच्या दाहाच्या खुणांशी ताडून बघतं आणि आकड्याची फोड करून देतं. इतका दाहाचा, इतका गाठीचा. अजून चाचणी-प्रयोगातच आहे, बाजारात यायला दोनेक वर्षं जातील.”

“दोनशे सतराची फोड बघता येईल?” शैलजाने विचारलं.

रेश्माने सहज पडद्यावर बोट फिरवलं. नमुन्यांना नावं नव्हती, नुसते नंबर होते. दोनशे सतरा कोण हे संस्थेत कुणालाच माहीत नव्हतं. एकूण पीएसए तेरा पॉइंट सहा. त्यातला दाहाचा वाटा बारा पॉइंट एक. गाठीचा वाटा शून्य पॉइंट सात, आणि उरलेला नेहमीचा पाझर.

“हे बघा, हे तर पुस्तकात छापावं असं उदाहरण आहे,” रेश्मा उत्साहाने सांगू लागली. “नोंदीत दिसतंय, यांची प्रोस्टेट काढली. गाठ होती, पण झोपाळू. अशा गाठी म्हातारपणी निम्म्या पुरुषांत सापडतात आणि त्यांच्याबरोबरच चितेवर जातात. आकडा दहाच्या वर गेला म्हणून डॉक्टरांनी धोक्याच्या गटात टाकलं असणार. आणि आकडा चढला होता साध्या संसर्गाने. पंधरा दिवस औषध घेतलं असतं तर…” ती थांबली. “मॅडम? बसता का जरा?”

शैलजा बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, “दोनशे सतरा माझे मिस्टर आहेत.”

रेश्माने पडद्यावरचे आकडे मिटवले. मग तिने जुना संमतीचा कागद उघडला. पुढेमागे काही निष्कर्ष निघाला तर कळवावा का, या प्रश्नापुढे सरांनी ‘नको’वर खूण केली होती. “संस्थेकडून त्यांना काही कळवलं जाणार नाही,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही काय करायचं ते मी कशी सांगणार, काकू?”

मॅडमची काकू केव्हा झाली ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

परतीच्या बसमध्ये शैलजा खिडकीशी बसली. बस विजेची होती, आवाज नाही की धूर नाही. खंबाटकीचा बोगदा आला आणि गेला. ती मात्र पंचवीस वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये होती.

अभ्यासाला माणसं कमी पडत होती, म्हणून तिनेच सरांना खुर्चीत बसवलं होतं. “पंचावन्न वर्षांचा घोडा झालात, द्या दोन थेंब,” असं म्हणत. दुपारी आकडा आला. तेरा पॉइंट सहा. चारच्या आत हवा होता. त्याच दिवशी सीआरपीचं किट उघडलेलं होतं आणि एक चाचणी उरत होती. तिने आपल्या मनाने ती सरांच्या रक्तावर लावली. सेहेचाळीस आला. सहाच्या आत हवा. गेल्या आठवड्यात त्यांची दाढ ठणकत होती, त्याचा असेल, म्हणून तिने सोडून दिला. डॉक्टरांनी सीआरपी मागितला नव्हता आणि अभ्यासाच्या कागदावर त्याला रकाना नव्हता. तिच्या रजिस्टरात तेवढा तो राहिला, आणि त्या पावसाळ्यात पुराचं पाणी लॅबमध्ये शिरलं तेव्हा रजिस्टरही गेलं.

डॉक्टर शहाणे होते. त्यांनी विचारलं, “सर, ताप येऊन गेला? लघवीला जळजळ?” सर म्हणाले, “छे!” दहा दिवसांनी पुन्हा चाचणी केली, आकडा बाराच्या पुढेच. तुकडा काढून तपासला, त्यात कॅन्सर हा शब्द सापडला. डॉक्टर म्हणाले, गाठ सौम्य दिसते, थोडं थांबून बघता येईल, पण आकडा मोठा आहे. थांबायला शैलजा तयार नव्हती. तीच म्हणाली होती, “काढूनच टाका.”

गाठ गेली, जीव वाचला, असं सगळे म्हणाले. फक्त सरांना लघवी धरवेना. सहा महिन्यांनी कमी झालं, पूर्ण गेलं नाही. दर उन्हाळ्यात कृष्णेच्या घाटावर ते पोहण्याचं शिबिर घ्यायचे. तीसचाळीस पोरं, पाठीला वाळके भोपळे बांधून ओळीने उभी असायची. जे रडायचं त्याला सर आधी उचलायचे. “पाणी तुला ओळखत नाही रे, ओळख करून दे,” म्हणत त्याला घेऊन उतरायचे. कराडातल्या अर्ध्या तरुणांना त्यांनीच तरायला शिकवलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात शैलजा म्हणाली, “पाण्यात कुणाला काय कळतंय? घ्या की शिबिर.”

“ज्या पाण्यात पोरं गुळण्या करतात, त्या पाण्यात मी असा उतरू?” सर म्हणाले होते.

त्यानंतर तो विषय निघाला नाही. मलकापुरात फरश्यांचा तलाव झाला, पोरं तिकडे गेली. भोपळे माळ्यावर फुटून गेले. आणि सर हळूहळू बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. आपण घोरतो, तुझी झोपमोड होते, असं म्हणायचे. ते घोरत नसत.

कराडला उतरल्यावर “कसा झाला सत्कार?” असं सरांनी विचारलं, तेव्हा तिने “छान झाला” एवढंच सांगितलं. ऐंशी वर्षांच्या माणसाला आता काय सांगायचं? की तुमची नदी मी फुकट घालवली? जे परत देता येत नाही त्याचा हिशोब कशाला दाखवा? तिने आठ दिवस असेच घालवले.

नवव्या दिवशी निनादचा फोन आला. त्यांचा एकुलता एक मुलगा, अठ्ठेचाळीस वर्षांचा, पुण्यात बसच्या बॅटऱ्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याच्या कंपनीत सगळ्यांच्या दंडाला चिकटपट्टी असायची. ती दर सोमवारी टाचणीच्या टोकाएवढं रक्त घेऊन परस्पर तपासायची.

“आई, बाबा जवळ आहेत?”

“गच्चीवर आहेत. का रे?”

“माझा पीएसए आठ पॉइंट नऊ आलाय. मशीनने मला लाल यादीत टाकलं. वडिलांना कॅन्सर असं लिहिलेलं आहे ना, म्हणून सरळ लाल. तुकडा काढून तपासायची तारीखसुद्धा त्यानेच ठरवून ठेवलीय.” त्याचा आवाज लहान झाला होता. “आई, बाबांना सांगू नकोस. मला बाबांसारखं व्हायचं नाही गं.”

फोन ठेवल्यावर ती ओट्याला धरून उभी राहिली. वडिलांना कॅन्सर. ज्या गाठीने कुणाचं काही बिघडवलं नसतं, ती आता पोराच्या पानावर लाल अक्षरांत बसली होती. आता गप्प राहणं म्हणजे नुसतं गप्प राहणं उरलं नव्हतं.

दुपारी सर गच्चीवर कैऱ्यांच्या फोडी उन्हात पसरत होते. ती त्यांच्यासमोर पायरीवर बसली आणि सगळं सांगितलं. नळी, यंत्र, बारा पॉइंट एक, शून्य पॉइंट सात. सीआरपीचं सांगताना तिचा आवाज फुटला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. हातातली फोड खाली ठेवली.

“किती होता तो?”

“सेहेचाळीस.”

“आणि तू कुणाला बोलली नाहीस.”

“नाही. मला वाटलं, दाढ.”

सर उठले, चप्पल घातली आणि निघून गेले. घाटावर जाऊन बसले असणार हे तिला न सांगता कळलं. ते संध्याकाळी आले, जेवले, बोलले नाहीत. दुसरा दिवसही तसाच गेला. शैलजाने मनाशी धरून ठेवलं की हे असंच राहणार. चूक आपली, शिक्षाही आपली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती चहा गाळत होती. सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“मला ताप होता,” ते म्हणाले.

“आता? बघू.”

“आता नाही गं. तेव्हा. तू रक्त घेतलंस तेव्हा. दहा दिवस होता.”

तिच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं.

“शिबिराला चव्वेचाळीस पोरं आली होती. तुला सांगितलं असतं तर तू पाण्यात पाय घालू दिला नसतास. दुकानातून गोळ्या आणल्या नि खाल्ल्या. लघवीला आग व्हायची, म्हटलं उन्हाळ्याची उष्णता, ताक प्यालं की जाईल. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू शेजारी बसली होतीस. तुझ्यादेखत कसं सांगू, की दहा दिवस बायकोशी खोटं बोललो? म्हटलं, तापाचा आणि कॅन्सरचा काय संबंध?” ते खुर्चीवर बसले. “दोन दिवस तेच डोक्यात आहे. तुझ्यावर रागवावं म्हणून घाटावर गेलो होतो. जमलं नाही.”

शैलजाला मात्र राग जमला. इतका, की तिने गाळणं मोरीत आपटलं. “म्हणजे इतके दिवस मी इथे स्वतःला खातेय! तुमचा ताप तुम्ही खिशात ठेवलात, माझा आकडा मी रजिस्टरात ठेवला. एका घरात राहत होतो ना आपण? एका ताटात जेवत होतो!”

“जेवत होतो खरं.”

“एकदा, एकदा बोलला असतात…”

“तू तरी.”

चहा सांडला होता तो कुणी पुसला नाही. मग बऱ्याच वेळाने तिने निनादचं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. “माझ्यापासून लपवणार होता? आपलाच मुलगा आहे,” ते म्हणाले.

त्या दुपारी सरांनी बाहेरच्या खोलीतली गादी उचलली आणि आतल्या पलंगावर आणून टाकली. “तिकडचा पंखा बरोबर चालत नाही,” ते म्हणाले. पंखा महिन्यापूर्वीच नवा बसवला होता. शैलजाने उशीला धुतलेला अभ्रा घातला.

शनिवारी निनाद आला. सरांनी त्याला समोर बसवून स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं, तापासकट. निनादला ऐकता ऐकता आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग तो भडकला.

“म्हणजे तुमचं सगळं उगाच झालं! आणि तेच माझ्या माथी मारतायत.” त्याने तिथेच फोन काढून तुकड्याची तारीख रद्द केली. “संसर्ग असेल मलाही. पंधरा दिवस औषध घेईन.”

“तुझा सीआरपी किती होता?” शैलजाने विचारलं.

“बघितला नाही.”

“मग आधी बघूया. रेश्माच्या प्रयोगात तुझी नळी देऊ.”

रक्त तिनेच घेतलं. सत्त्याहत्तर वर्षांचे हात, वर शिरा आलेले; पण पट्टा बांधून तिने मुलाच्या कोपरावर बोट ठेवलं आणि शीर पहिल्याच फेरीत तिच्या बोटाखाली आली. सुई गेली ती त्याला कळलीसुद्धा नाही. सर शेजारी उभे राहून बघत होते. “कमाल आहे,” ते पुटपुटले. तिला एकदम जिन्याखालची खोली, बाकावरची माणसं, साडेआठची उन्हं, सगळं एका क्षणात आठवलं.

नऊ दिवसांनी रेश्माचा फोन आला. निनाद त्या दिवशी कराडलाच होता. शैलजाने आवाज मोठा केला.

“काकू, सीआरपी एक आहे. अगदी साफ. आठ पॉइंट नऊमधला दाहाचा वाटा शून्य पॉइंट सहा.” रेश्माने पुढचा आकडा वाचला. “सात पॉइंट चार गाठीचे आहेत. आणि साखळ्यांची वीण झोपाळू गाठीची नाही. आत्ता लहान आहे, ग्रंथीच्या आतच असावी. पण यांनी वेळ घालवू नये. आमच्या यंत्राच्या एका शब्दावर विसंबू नका, तुकडा तपासून घ्या. लवकर घ्या.”

रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली.

“नाही,” निनाद म्हणाला. “तुमच्यासाठी त्या यंत्राने सांगितलं गरज नव्हती. माझ्यासाठी सांगतंय गरज आहे. पंचवीस वर्षांनी तिसरं यंत्र येईल आणि म्हणेल हेही चुकलं होतं.”

“येईल कदाचित,” सर म्हणाले.

“मग? बाबा, मी तेवीस वर्षांचा होतो. मला सगळं कळत होतं. माझ्या लग्नात तुम्ही मांडवात सलग बसला नाहीत. दर अर्ध्या तासाला उठून जात होतात, आणि मी पाटावरून बघत होतो. मला नाही तसं जगायचं.”

सर उठून त्याच्याजवळ गेले. हात कुठे ठेवावा ते त्यांना समजेना, म्हणून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

“माझ्या वेळी नुसता आकडा होता, निनाद. त्यात काय काय मिसळलंय हे सांगणारं कुणी नव्हतं. जे सांगू शकत होतो ते आम्ही दोघं, आणि आम्ही गप्प बसलो. तुझ्या वेळी सांगणारं आहे. माझं फुकट गेलं. ठीक आहे, गेलं. पण ते बघून तू जर ऐकलं नाहीस, तर माझं दोनदा फुकट गेलं.”

“तुम्हाला भीती वाटली नव्हती?”

“वाटली होती. कुणाला बोललो नाही, म्हणून जास्त वाटली.” सर त्याच्याकडे वाकले. “तुला काय काय होईल ते सगळं मी सांगतो. डॉक्टर सांगणार नाहीत तेही सांगतो. पण तू चल.”

तुकडा तपासला. यंत्र म्हणालं तेच निघालं. पुण्यात, पावसाळा संपता संपता निनादचं ऑपरेशन झालं. आता ते पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. नसा वाचवून, गाठीपुरताच भाग काढत होते, आणि डॉक्टर म्हणाले, महिना दोन महिने त्रास होईल, पुढे बहुतेक काही राहणार नाही. गाठ ग्रंथीच्या कवचाला टेकली होती. अजून वर्षभर थांबला असता तर बाहेर पडली असती, हेही त्यांनी सांगितलं. निनादच्या बायकोने, मानसीने, ते ऐकून सासऱ्यांच्या पायांना हात लावला. सर अवघडून मागे सरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शैलजा पेजेचा डबा घेऊन दवाखान्यात पोचली. खोलीचं दार लोटलेलं होतं. आत बाप-लेक दोघेच होते. ती दार ढकलणार, तोच आतून सरांचा आवाज आला, आणि तो आवाज असा होता, की तिचा हात थांबला. घाटावर पोरांना गोष्टी सांगताना लागायचा तसा.

“अरे, कराडात घ्यायची सोय नव्हती. औषधांच्या दुकानातले सगळे माझेच विद्यार्थी. एकदा गेलो, तर गल्ल्यावरचा उठून उभाच राहिला. ‘सर, काय देऊ?’ मी म्हटलं, ‘खोकल्याच्या गोळ्या दे.’ महिन्याला खोकल्याच्या तीन पाकिटांचा ढीग झाला घरात.”

“मग?”

“मग साताऱ्याला जायचो. पिशवीत डायपर, वर चार पेरू.”

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सर शिक्षक संघाच्या बैठकीला साताऱ्याला जात. पंचवीस वर्षं तिला तेच माहीत होतं. तिने ते पेरू चिरून, मीठ लावून बशीत दिले होते.

“बाबा, हसवू नका, टाके दुखतात,” निनाद हसत होता की कण्हत होता ते कळत नव्हतं.

“दुखू देत. आता सांगतो ते लक्ष देऊन ऐक. खोकला आला की आधी पोट आत घ्यायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी वर्षभराने आपलं आपण शोधलं…”

हातात ट्रे घेऊन आलेल्या नर्सने विचारलं, “आजी, जायचंय का आत? दार उघडू?”

“नको,” शैलजा म्हणाली. “बोलू देत त्यांना.”

आणि डबा मांडीवर घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली.